ध्येय ठरवताय? आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे मांडायला शिका

२०१६ साली माझं एकच ध्येय होतं, ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके. फ्रिजवर ब्रोशरमधला फोटो चिकटवलेला, त्यात एक बाई बाल्कनीत कॉफी पीत डोंगराकडे बघतेय. तीन वर्षांनी घर झालं. डोंगरही दिसतो, येऊरचाच आहे, पण त्या बाल्कनीत कॉफी घेऊन बसलेय असं पहिल्या वर्षभरात फार तर दहा वेळा झालं असेल, कारण सकाळी पावणेआठला निघालं नाही की माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि अडकलं की ट्रान्स हार्बरची ठरलेली लोकल गेलीच. पहिल्या पावसात हॉलची भिंत ओली झाली ते वेगळंच. म्हणजे बघा, ध्येय गाठलं, लोकांनी पेढे खाल्ले, वास्तुशांत झाली, आणि गणपतीपर्यंत मी परत तेवढीच चिडचिडी झाले होते जेवढी नौपाड्याच्या वन रूम किचनमध्ये होते. उलट तिथून संध्याकाळी तलावपाळीला चालत तरी जाता यायचं.

तेव्हा मी ऐरोलीला एका कंपनीत एचआरमध्ये होते. आता नोकरी अर्धवेळ करते आणि उरलेल्या वेळात लोकांसोबत बसून त्यांची ध्येयं सोडवते, म्हणजे गुंता सोडवते त्या अर्थाने. कोचिंग करते म्हटलं की आमच्या सोसायटीत अजून विचारतात, दहावीचं की बारावीचं? असो. इतक्या लोकांशी बोलून मला एक गोष्ट पक्की कळलीय, आपण ध्येय ठरवताना गृहप्रवेशाचा दिवस डोळ्यासमोर आणतो आणि जगायचं मात्र त्याच्या पुढच्या सगळ्या मंगळवारी असतं. मंगळवार म्हणजे काहीच विशेष नसलेला दिवस, सण नाही, सुट्टी नाही, पगार नाही. तो कसा जाणार हे बघून ध्येय निवडलं तर आनंदाचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. हे कसं करायचं ते खाली क्रमाने लिहिते, साधारण दीड-दोन महिने लागतील, एका रविवारी उरकायचं काम नाहीये हे.

पहिला आठवडा: काहीही ठरवायचं नाही, फक्त लिहायचं

हो, खरंच काही ठरवायचं नाही. रात्री झोपायच्या आधी मोबाईलच्या नोट्समध्ये आजच्या दिवसाचे आठ-दहा तुकडे पाडायचे. किती वाजता, काय करत होतात, सोबत कोण होतं, आणि पुढे कसं वाटलं ते: अधिक, वजा किंवा शून्य. बस एवढंच.

ही काही माझ्या डोक्यातून आलेली आयडिया नाही. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचे असेच तुकडे पाडायला लावले होते आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटत होतं ते विचारलं होतं. सगळ्यात खाली काय आलं माहितीये? सकाळचा कामावर जायचा प्रवास. त्यांना एकदा सकाळी साडेआठला ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर आणून उभं करायला पाहिजे होतं, मग कळलं असतं खाली म्हणजे किती खाली.

घणसोलीत राहणारा सत्तावीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, आयटीवाला. ताई मला लाइफमध्ये काहीतरी मोठं करायचंय असं म्हणत आला. त्याच्या एका दिवसाची नोंद त्याला विचारूनच इथे देते:

७.४० उठलो, पडून रील्स, शून्य. ९.१० लोकल, खिडकी मिळाली, अधिक. ११ ते १ मीटिंग, वजा. १.१५ डबा, टीममधले तिघं, अधिक अधिक. ४.०० चहा टपरी, अधिक. ७.३० घरी, रील्स, शून्य. ९.३० गेटवर वॉचमन काकांशी क्रिकेटवर गप्पा, अधिक. ११.०० ते १२.४५ रील्स, वजा.

सात दिवसांची नोंद समोर ठेवली तर एकही अधिक मोबाईलसमोर नव्हता आणि एक सोडला तर सगळे अधिक कुणासोबत तरी होते. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, ताई मी तर एकटा ट्रेकला जायचा प्लॅन करत होतो, शांती मिळेल म्हणून. जा की बाबा, कलावंतीणला जा, पण दोघातिघांना घेऊन जा.

तुमची नोंद वेगळी निघेल. कुणाला खरंच एकटं बसल्यावर बरं वाटतं. पण आधी आकडा बघा, अंदाजावर जाऊ नका, आपला स्वतःबद्दलचा अंदाज भलताच चुकीचा असतो.

दुसरं काम: यादी करा आणि मग निर्दयपणे खोडा

आता कागद घ्या, पेनाने लिहा. जे जे हवंय ते सगळं, वजन कमी, मॅनेजरची पोस्ट, नेरुळला घर, गाडी, गिटार, आईला काशीला न्यायचंय, काहीही. वीस-पंचवीस ओळी होतात सहज. मग प्रत्येकापुढे दोन प्रश्न. हे कुणालाच कधीच कळलं नाही तरी मला हवं असेल का? आणि हे मिळाल्यानंतरचा साधा मंगळवार कसा असेल, सकाळी उठल्यापासून?

पहिल्या प्रश्नात निम्मी यादी गळते. मानसशास्त्रात डेसी आणि रायन या दोघांनी आयुष्यभर हेच काम केलं, माणूस एखादी गोष्ट आतून वाटतं म्हणून करतो की बाहेरच्या दडपणाने. सतत दुसऱ्याच्या नजरेसाठी धावणाऱ्याला ती गोष्ट मिळूनही तेवढं समाधान मिळत नाही. आपल्याकडे त्याला लोक काय म्हणतील असं नाव आहे आणि त्यावर संशोधन करायची आपल्याला गरज पडली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं मात्र एक उदाहरण नीट सांगते. नौपाड्यातल्या एक काकू, बँकेतून रिटायर झालेल्या. यादीत पहिल्या नंबरवर गाण्याची विशारद. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा, लहानपणी प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या होत्या, मग लग्न, नोकरी, पोरं, राहिलं. मी म्हटलं काकू, विशारद झालात असं समजा, आता पुढच्या वर्षीचा मंगळवार सांगा. त्या म्हणाल्या, अगं सकाळी सहाला उठेन, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावेन, तासभर गाईन, मग चहा. मी विचारलं, यात विशारद कुठे आहे? गप्प. मग हळूच म्हणाल्या, ते आमच्या अण्णांना हवं होतं गं. अण्णा जाऊन वीस वर्षं झालीत. त्या दिवशी त्यांनी विशारद खोडलं आणि त्याच्या जागी सकाळचा एक तास लिहिला, आणि मला वाटतं खोडताना त्यांना थोडं वाईटही वाटलं. सगळ्यांनी परीक्षा सोडाव्यात असं मी म्हणत नाहीये हां, कुणाला परीक्षा असल्याशिवाय बसवतच नाही रियाजाला, त्यांनी फॉर्म भरावा.

मॅनेजरच्या पोस्टचा मंगळवार मात्र लोकांना लिहायला लावला की चेहरे बघण्यासारखे होतात. अकरा कॉल, तीन एस्कलेशन, डबा तीन वाजता. आवडत असेल तर आनंदाने घ्या, पण हे बघून घ्या.

शेवटी यादीत तीन ओळी उरल्या पाहिजेत आणि त्यातली एकच आत्ता करायची. एकच. दोन नाही.

तिसरं काम: आकडा घाला

फिट व्हायचंय हे ध्येय नाही, ती इच्छा आहे, जशी पाऊस थांबावा ही इच्छा आहे. अमेरिकेत १९७५ च्या सुमाराला लॅथम नावाच्या संशोधकाने लाकूड वाहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांवर एक प्रयोग केला होता. जमेल तेवढा माल भरा असं सांगितलं होतं तेव्हा ते कायद्याने चालेल त्याच्या साधारण ६० टक्के भरायचे. मग त्यांना ठरीव आकडा दिला, ९४ टक्के. काही महिन्यांत भरणं ९० टक्क्यांच्या आसपास गेलं, पगार तोच, ट्रक तेच. वाशीच्या मार्केटला हे उदाहरण सांगितलं तर म्हणतील आमच्याकडे एकशे चाळीस टक्के भरतात, पण मुद्दा लक्षात घ्या.

फक्त एक सावधगिरी. लॅथम आणि त्याच्या सहकाऱ्यांना पुढे असंही दिसलं की काम अगदी नवीन आणि अवघड असेल तर निकालाचा आकडा घातल्याने माणूस उलट गोंधळतो, तिथे शिकण्याचा आकडा घालावा. म्हणजे शेअर मार्केटमधून महिन्याला वीस हजार असं नाही, तर महिन्यात चार कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, असं.

आणि वेळेचा अंदाज केलात की तो दीडपट करा. कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपण सगळे कासारवडवलीत बसून वीस मिनिटांत स्टेशनला पोचतो असं फोनवर सांगणारी माणसं आहोत.

चौथं काम: अडणार कुठे ते आधीच लिहा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि लोक हेच टाळतात. मी स्वतः एकदा वाशीला हॉटेलच्या हॉलमधल्या एका वीकेंड सेमिनारला अठरा हजार रुपये भरून गेले होते. डोळे मिटून यशाची कल्पना करा, वास घ्या यशाचा, वगैरे. वास हॉलबाहेरच्या बुफेचा येत होता. दोन दिवस अंगात भूत असल्यासारखं वाटलं आणि बुधवारी सगळं उतरलं. नंतर गॅब्रिएल ऑटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचलं तेव्हा कळलं की असं का झालं. नुसती छान छान कल्पना केली की माणसाला आधीच मिळाल्यासारखं वाटतं आणि हातपाय ढिले पडतात. हवंय त्याची कल्पना करून लगेच माझ्यातलं काय आडवं येणार हे समोर ठेवलं तर मात्र उपयोग होतो.

म्हणून एक वाक्य लिहा, या साच्यात: जेव्हा अमुक होईल तेव्हा मी लगेच तमुक करेन. जर्मनीत गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा रिपोर्ट लिहायला सांगितला होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांतल्या ७१ टक्के जणांनी तो वेळेत लिहिला, बाकीच्यांत ३२ टक्के. फरक फक्त एका वाक्याचा.

आपल्या घणसोलीच्या मुलाने ध्येय ठरवलं होतं रोज तीस मिनिटं चालणं. अडथळा काय, घरी आलो की सोफा. पहिलं वाक्य लिहिलं, जेव्हा साडेनऊ वाजतील तेव्हा चालायला जाईन. चाललं नाही, कारण साडेनऊला तो कधी कॉलवर कधी जेवत. मग बदललं, जेव्हा जेवणाचं ताट सिंकमध्ये ठेवेन तेव्हा न बसता चप्पल घालेन. ताट रोज सिंकमध्ये जातंच ना, आई सोडत नाही. आणि खाली उतरला की वॉचमन काका होतेच, म्हणजे पहिल्या आठवड्यातला अधिकही त्यात आला. घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला बांधलेलं वाक्य जास्त टिकतं, हा माझा अनुभव.

पैशाचं ध्येय असेल तर हे आणखी सोपं, जेव्हा पगाराचा मेसेज येईल तेव्हा तीन हजार आरडीत. किंवा ऑटो डेबिट लावून टाका, मग इच्छाशक्तीचा संबंधच संपला.

पाचवं काम: खाडे

आता कॅलेंडर. आपल्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग एकादशी बघायला आणि दुधाचा हिशोब ठेवायला होतो. आई रोज आलेलं दूध लिहीत नव्हती, ज्या दिवशी नाही आलं त्या चौकोनात खाडा मांडायची. कामवाल्या मावशींचंही तसंच. तेच आपल्या ध्येयाला लावायचं. लाल पेन दोरीने कॅलेंडरलाच बांधा आणि ज्या दिवशी चुकलं त्या चौकोनात एक फुली, बाजूला दोन शब्दांत कारण. पाहुणे. ताप. कंटाळा. झालं त्या दिवशी काही लिहायचं नाही.

बहुतेक अ‍ॅप उलटं करतात, सलग किती दिवस झाले ते मोजतात आणि एक दिवस चुकला की शून्य. मला हा प्रकार फार दुष्ट वाटतो. चाळीस दिवसांची माळ तुटली की माणूस अ‍ॅपच डिलीट करतो, मी केलंय. आता मला सांगा, मावशींनी महिन्यात दोन खाडे केले म्हणून तुम्ही त्यांना काढून टाकता का? नाही ना, म्हणता चला, अठ्ठावीस दिवस तरी आल्या. मग स्वतःला का काढून टाकता?

याला आधारही आहे. २०१० मध्ये छापून आलेल्या लंडनच्या एका अभ्यासात फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना एक नवी सवय लावायला सांगून बारा आठवडे बघितलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसागणिक १८ ते २५४ एवढा फरक, त्यामुळे एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे सांगतात ते विसरून जा. आणि त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम होत नाही.

लागोपाठ तीन खाडे आले तर मात्र थांबून कारण वाचायचं. तीनदा पाहुणे असतील तर ठीक. तीनदा कंटाळा असेल तर ध्येय मोठं झालंय, अर्धं करा, तीस मिनिटांची पंधरा करा, लाज वाटून घेऊ नका.

कुणाला सांगायचं

स्टेटसला टाकू नका. गॉलवित्झरच्याच २००९ च्या एका कामात असं दिसलं की आपण अमुक बनणार हे दुसऱ्यांना कळलं की बनल्याचं अर्धं समाधान तिथेच मिळतं आणि कष्ट कमी होतात. एकाच माणसाला सांगा, आणि असा माणूस निवडा जो रविवारी फोन करून विचारेल, किती खाडे? कौतुक करणारा नको, उपदेश करणारा तर नकोच, फक्त आकडा विचारणारा. बहुतेक घरांत नवरा किंवा बायको या कामाला उपयोगी नसतात, त्यावर जास्त बोलत नाही.

महिनाअखेरचा हिशोब

एक तारखेला पान उलटायच्या आधी दहा मिनिटं. फुल्या मोजा, कारणं वाचा आणि पहिल्या आठवड्यासारखी एका दिवसाची नोंद पुन्हा करा, मंगळवारचीच. अधिक वाढलेत का? खाडे कमी आहेत आणि अधिकही कमी झालेत असं दिसलं तर ध्येय चुकलंय, शिस्त नाही. मग सोडून द्या सरळ. सोडणं म्हणजे हरणं असं आपल्या डोक्यात शाळेपासून भरलंय. नवीन वर्षाची वाट बघायचीही गरज नाही, पाडव्याच्या स्वागतयात्रेत कोपिनेश्वरासमोर मी किती वर्षं किती संकल्प केलेत आणि चैत्र संपायच्या आत ते माझे मीच विसरलेय.

ध्येयाच्या बाहेरचा आनंद

हा भाग छोटा आहे पण गाळू नका. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि मंडळींनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ लोकांना विचारलं होतं, तर ते आपल्या शेजारपाजारच्यांपेक्षा काही फार आनंदी निघाले नाहीत, उलट मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद असल्या साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती. माझ्या टू बीएचकेचं तेच झालं. दुसरीकडे हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चाललाय, कॉलेजमधली पोरं आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं मिळून ७२४ जणांचं अख्खं आयुष्य बघितलं त्यांनी, आणि म्हातारपणी कोण धडधाकट आणि सुखी राहिलं ते ओळखायला माणसांशी असलेली नाती सगळ्यात उपयोगी पडली.

म्हणून आठवड्याला एक वेळ अशी ठेवा जिच्यावर कुठलंही ध्येय बांधलेलं नाही. उपवनला जाऊन बसा, मैत्रिणीसोबत मिसळ खा, गडकरीला नाटक बघा. चालताना पावलं मोजू नका तेवढ्यापुरती.

आणि एक गंभीर गोष्ट. दोन आठवड्यांहून जास्त दिवस नोंदीत एकही अधिक येत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर तो आळस नाही आणि माझ्यासारख्या कोचचं ते कामही नाही. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. सरळ जा, फॅमिली डॉक्टरला सांगायला लाजत नाही तसंच.

माझं सध्याचं ध्येय विचाराल तर आठवड्यातून चार सकाळी बाल्कनीत पंधरा मिनिटं, कॉफी घेऊन, मोबाईल आत. जेव्हा दूध गॅसवरून उतरेल तेव्हा न बोलता बाहेर जाईन, असं वाक्य आहे. गेल्या महिन्यात नऊ फुल्या झाल्या, चार पावसाच्या, दोन ऑफिसच्या, तीन कंटाळ्याच्या. आमच्या मावशींचा हिशोबही त्याच कॅलेंडरवर असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीस तारखेला त्या झाडू हातात धरून बराच वेळ भिंतीसमोर उभ्या होत्या.

"ताई, हे नऊ खाडे कुणाचे? मी दोनच दिवस गेले होते गावाला."

"तुमचे नाहीत ओ मावशी, माझे आहेत."

"बरं," असं म्हणून त्या झाडायला लागल्या, आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाल्या, "मग तुमचे पैसे कोण कापणार?"